फुगवट्याची गोधडी

माझ्या अंथरुणावर एक गोधडी असते. तिच्या वरच्या थरात एकाच जुन्या लुगड्याचे अठरा तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याचा एक कोपरा बोटाच्या पेराएवढा कापलेला आहे. आल्यागेल्या बायका म्हणतात, उंदरानं कुरतडली वाटतं. मी म्हणते, हो, शिकलेला उंदीर होता. याच्यापुढं मी काही सांगत नाही, कारण सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागतं आणि त्यात माझीच फजिती आहे. पण आता निवृत्तीला दोन वर्षं राहिली. फजिती मनात ठेवून तिला व्याज थोडंच मिळणार आहे?

मी बारामतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा परिचर आहे. पोरं मावशी म्हणतात. भांडी विसळायची, काचपट्ट्या पुसायच्या, मायक्रोस्कोप कपाटातून काढायचे आणि मोजून परत ठेवायचे, हे अठ्ठावीस वर्षं करते आहे. तोंडानं मी फटकळ आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सासर पिंपळीला. माहेर इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या अगदी काठावर. धरणानं अडवलेलं पाणी मागं मागं पसरत येतं त्याला आमच्याकडं फुगवटा म्हणतात. माझ्या वडिलांच्या रानाचा खालचा बांध अर्धं वर्ष पाण्यात असतो आणि अर्धं वर्ष पाण्याबाहेर.

एका दिवाळीनंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी प्रयोगशाळेत आली. ही पोरगी शिकत असताना तिनं काचपट्ट्यांची अख्खी पेटी एका दमात खाली पाडली होती आणि मी तिला तासभर काचा वेचायला लावल्या होत्या. आता ती पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्राच्या संशोधनाचं काम करते. सगळे तिला मॅडम म्हणतात, म्हणून मीही म्हणते. तिला ते आवडत नाही, म्हणून जरा जास्तच म्हणते.

"मावशी, तुमचं माहेर अजून पाण्याकाठीच आहे ना?" तिनं विचारलं.

"माहेर काय कुठं चालत जातंय?" मी म्हटलं.

मग ती स्टुलावर बसली आणि तिनं मला समजावलं. आमच्या दारातलं पाणी भीमेचं. भीमा पुढं कृष्णेला मिळते आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. हे मी भूगोलात घोकलं होतं, पण ज्या पाण्यात आपण धुणं आपटतो ते समुद्रापर्यंत जातं हे कधी मनाला शिवलं नव्हतं. ती बसते ते त्या नदीच्या मुखाशी. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात, त्यांना प्लवक म्हणतात. गाईगुरांना जसं गवत, तसे ते माशांना. आणि वरून नदी कधी येते, किती येते, काय घेऊन येते, यावर समुद्रात कोणतं प्लवक वाढणार हे ठरतं.

"म्हणजे तिकडं पण खरीप-रब्बी असतं म्हणा की," मी म्हटलं.

"अगदी तसंच," ती म्हणाली. पुराचं पाणी येतं तेव्हा समुद्र मुखापाशी मातकट होतो, उजेड आत जात नाही आणि सगळं उपाशी राहतं. मग गाळ बसतो, नदीनं आणलेलं खत पाण्यात उरतं, ऊन पडतं आणि काचेच्या कवचात राहणारे प्लवक असे माजतात की समुद्राचा रंग बदलतो. उन्हाळ्यात नदी वरच अडवलेली असते. तेव्हा मुखाचं पाणी खारट आणि नितळ होतं, काचवाले कमी होतात आणि शेपटी हलवत पोहणाऱ्यांचा हंगाम येतो. मी हातातलं फडकं खाली ठेवलं. आपल्याकडं धरणाचा दरवाजा वर-खाली होतो आणि तिकडं समुद्राचं पीक बदलतं, हे ऐकून मला खरोखर शहारे आले.

तिचं एक कोडं होतं. मुखाशी गाळात तिला गोड्या पाण्यातल्या प्लवकांची रिकामी काचेची कवचं मिळत होती. ती समुद्रातली नव्हती, वरून वाहत आलेली होती. पण किती वरून? म्हणून नदीच्या वाटेवर जागोजागी तिला पाणी काढून देणारी माणसं हवी होती. सगळ्यात वरची जागा आमच्या फुगवट्याची, आणि ते काम तिनं मला दिलं. प्रोफेसरांना सोडून मला. माझी मान ताठ झाली हे कबूल करते.

त्या रविवारी आम्ही दोघी माहेरी गेलो. माझा भाऊ लोणी देवकरला कंपनीत पाळीवर जातो. शेती सगळी वहिनी बघते. पाणी खाली सरकेल तशी तिला मोटार आणि पाइप पुढं सरकवावे लागतात, त्यासाठी घरची छोटी पत्र्याची होडी आहे. त्या होडीतून मॅडमनं पाणी काढलं आणि पडवीतल्या बाजेवर छोटा मायक्रोस्कोप मांडला. "मावशी, बघा," म्हणाली.

एक गोष्ट इथं सांगते. सव्वीस वर्षं मी मायक्रोस्कोप पुसत होते, पण कुणी मला "बघा" म्हटलं नव्हतं. कांद्याचं साल एकदोनदा पाहिलं असेल, तेवढंच. मी डोळा लावला. आधी नुसता पांढरा उजेड. मग मॅडमनं चाक फिरवलं आणि त्या उजेडात होड्या आल्या. काचेच्या होड्या, दोन्ही टोकांना निमुळत्या, आणि अंगावर इतक्या बारीक रेघा की कुठल्या सोनाराला सात जन्मांत जमायच्या नाहीत. एक होडी आपली आपण सरकत होती. शेजारी बांगड्यांची चळत ठेवावी तशी गोल डब्यांची साखळी होती. हिरव्या चांदण्या होत्या. एकाला तीन शिंगं होती आणि ते गिरकी घेत होतं. हे सगळं एका थेंबात. आणि मी लहानपणी याच पाण्यात डुंबले होते, नाकातोंडात गेलं होतं, तांब्यानं प्यायले होते.

मला रडू आलं. कशाचं ते कळेना. मॅडम म्हणाली, "आपण श्वास घेतो ना, त्यातली बरीचशी हवा अशांनीच केलेली असते." मी नाक ओढलं आणि तिला म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस गं, काचा वेचत होतीस तेव्हा?" वहिनी तेवढ्यात चहा घेऊन आली. तिलाही बघा म्हणावं असं आम्हां दोघींनाही सुचलं नाही. कप ठेवून ती आत गेली.

नियम सोपे होते. दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी काठापासून लांब जायचं. बाटली पालथी धरून हातभर खाली न्यायची आणि तिथं उताणी करायची. बाटलीला साबण लावायचा नाही. भरल्यावर आयोडीनचे थेंब टाकायचे, म्हणजे आतले जीव जसेच्या तसे राहतात. एक पांढरी थाळी दोरीनं पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी किती गेली ते बघायचं. हे सगळं एका वहीत भरायचं: तारीख, वेळ, थाळी, पाण्याचा रंग. शेवटचा रकाना होता, 'पाणी कोणी काढले', त्यात सही.

"मावशी, बाकी काही चुकलं तर ते मला इथं बसून कळतं," मॅडम जाताना म्हणाली. "हा शेवटचा रकाना चुकला तर मात्र कळायला काही मार्गच नाही."

"मला शिकवतेस होय?" मी म्हटलं.

तीन वेळा मी स्वतः गेले. चौथ्या वेळी कॉलेजच्या परीक्षा आल्या, पाचव्या वेळी गुडघा. पिंपळीहून माहेरी जायचं म्हणजे दोन एस्ट्या आणि अर्धा दिवस. मी वहिनीला फोन केला. "वहिनी, तुम्ही रोज मोटारीवर जाताच. तेवढं पाणी काढून एसटीत कंडक्टरकडं द्या." थाळी, बाटली, साबण, आयोडीन, सगळं समजावलं. वहिनी एकेक गोष्ट परत म्हणून दाखवायची. बाटली बारामतीच्या स्टँडवर माझ्या हातात यायची, वहिनी फोनवर आकडा आणि रंग सांगायची, आणि मी वही उघडून सगळं भरायचे, पानाचा फोटो मॅडमला धाडायचे आणि बाटली कुरिअर करायचे. शेवटच्या रकान्यात माझी सही. पहिल्यांदा हात जरा अडखळला. मनाला म्हटलं, पाणी तर तेच आहे, काढणारा हात कुणाचा का असेना. दुसऱ्यांदा अडखळलाही नाही.

आणि रंग काय सांगायची वहिनी! पौषात म्हणाली, "वन्सं, आज पाणी शेंगतेलावानी हाय, फिक्कं सोनेरी." चैत्रात, "वाटाण्याच्या सालीवानी." वैशाखात म्हणाली, "कुणी हिरवा रंग कालवून ओतलाय बगा. काठाला साय धरलीया. म्हशी तोंड लावंनात." त्याच दिवसांत लांब उथळ पाण्यात अग्निपंख पक्षी उभे असायचे, माना खाली घालून. त्यांच्या अंगावरचा गुलाबी रंगही या हिरव्या सायीतूनच येतो, असं मॅडमनं फोनवर सांगितलं तेव्हा मी एसटी स्टँडवर उभी होते; दोन गाड्या सोडल्या आणि ऐकत राहिले. आषाढात वरनं पाणी आलं. "काळी माती भिजवून ठेवल्यावानी," वहिनी म्हणाली. श्रावणात धरणाचे दरवाजे उघडले. "आज पाणी थांबंनाच वन्सं, पळतंया. थाळी वितभर गेली का गडप." मी वहीत लिहायचे: पिवळसर. हिरवा. गडद हिरवा. तपकिरी. शुद्ध लिहायची आपल्याला सवय ना.

भाद्रपदात मॅडमचा फोन आला. आवाज वेगळा होता.

"मावशी, तुमच्या पहिल्या तीन बाटल्या भरगच्च होत्या. त्यानंतरच्या सगळ्या जवळजवळ रिकाम्या आहेत. बारीक बारीक चार ठिपके दिसतात, बस. होड्या नाहीत, साखळ्या नाहीत, शिंगवाले नाहीत. आणि पुराच्या पाण्यात गाळसुद्धा कमी. पाणी तुम्हीच काढताय ना? काठावरून नाही ना घेतलं?"

त्या क्षणी खरं बोलायला काय झालं होतं मला? पण माझा स्वभाव. कुणी शंका घेतली की माझं डोकंच फिरतं. "सही बघितली नाहीस का?" मी म्हटलं. "सव्वीस वर्षांत माझ्या कामाला कुणी बोट लावलं नाही."

ती घाईघाईनं म्हणाली, "नाही नाही मावशी, तुमच्यावर विश्वास आहे म्हणून तर विचारते." मग म्हणाली की तसं असेल तर ही मोठीच गोष्ट आहे. फुगवट्यात मोठे प्लवक टिकतच नाहीत असा याचा अर्थ होतो, म्हणजे मुखाशी सापडणारी कवचं इकडची नव्हेत. दिवाळीआधी तिला मोठ्या शास्त्रज्ञांपुढं वर्षभराचं काम मांडायचं होतं, आणि ती हेच मांडणार होती. मी फोन ठेवला तेव्हा माझी छाती फुगली होती. माझ्या बाटल्यांनी शोध लावला होता.

घटाच्या आधीच्या रविवारी गुडघा बरा होता, म्हणून न सांगता माहेरी गेले. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुतात. पांघरुणं, सतरंज्या, गोधड्या, काही सोडत नाहीत. दारात धुण्याचा ढीग पडला होता. वहिनी नुकतीच पाण्यावरून आली होती. पडवीत तिनं कळशी ठेवली होती. कळशीतलं पाणी पातेल्यात ओतायचं होतं आणि पातेल्याच्या तोंडावर आईच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा चौपदरी घडी घालून बांधलेला होता. शेजारी मॅडमची बाटली.

मी उंबऱ्यावरच थांबले. "वहिनी, हे काय करताय?"

"पाणी गाळतीया की," वहिनी म्हणाली. "बाटली तुमी सांगितल्यावानी खालीच भरती मी, पालथी धरून. अशी चार-पाच येळा कळशीत रिकामी करती, मग घरी आणून गाळून परत भरती."

"गाळून?"

"मग? मॅडमला तसंच गदळ पाठवू व्हय? किती लांब जातंय पाणी. शिकलेली बाई, नाव ठेवंल की आपल्याला."

आमच्या घरात न गाळलेलं पाणी कुणी कुणाला देत नाही. पाहुण्याला तर नाहीच. आईनं आम्हाला जे चारपाच धडे दिले त्यातला हा एक. मऊ झालेलं जुनं सुती लुगडं, चार पदर, आणि पाणी. ते मला इतकं ठाऊक होतं की 'गाळू नका' असं सांगायचं मला सुचलंच नाही. आणि आईचं लुगडं अशा विणीचं, की होड्या, साखळ्या, चांदण्या सगळ्या त्यात अडकल्या असणार. खाली उतरले ते चार ठिपके.

मी वहिनीवर ओरडले. काय काय बोलले ते लिहीत नाही. एका बाईचं वर्ष मातीत घातलंत, तिचं तोंड काळं होणार, एवढी अक्कल नाही का, असलं. वहिनीनं कळशी बाजूला ठेवली. पदरानं हात पुसले. तिला राग आला की ती हळू बोलते.

"वन्सं, मला कुणी दाखवलं हुतं का त्या पाण्यात काय असतंय ते? मी चहा घिऊन आले तवा तुमी दोघी बगत हुता." मग म्हणाली, "आन वहीत तर तुमचं नाव हाय."

मी बाजेवर बसले.

खरं सांगते, पुढचा अर्धा तास मी फार वाईट विचार केला. कुणाला कळणार होतं? वही माझी, सही माझी. इथून पुढं पाणी नीट काढलं तर फुगवट्यात प्लवक परत आले असं मॅडमला वाटेल, आणि त्याचंही काहीतरी कारण ती शोधून काढेल. पण मग ती सगळ्यांपुढं उभी राहून सांगणार की भीमेच्या या पाण्यात जीव नाही. ज्या पाण्यानं मला रडवलं होतं त्याच्याबद्दल असं सांगणार, आणि तेही माझ्या सहीवर. ते काही माझ्या घशाखाली उतरेना.

"वहिनी," मी विचारलं, "दर वेळी हाच तुकडा वापरता?"

"न्हाय. एकदा गाळलं का त्याला वास येतुया. दर खेपंला नवा तुकडा फाडती आत्याबाईंच्या लुगड्याचा." आत्याबाई म्हणजे तिची सासू, माझी आई. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

"आणि जुने? धुऊन टाकलेत ना साबणानं?"

"साबण लावायचा न्हाय म्हणाला हुता की तुमी. तसंच वाळवून गोधडीला लावलं. एक एक करत लावत गेले." तिनं मान वळवली. "तुमच्यासाठीच चाललीया ती. आईच्या लुगड्याची गोधडी लेकीला देत्यात. शिवून झाली का धुणार हुते. कालच झाली."

"कुठं आहे?"

वहिनीनं दारातल्या धुण्याच्या ढिगाकडं बोट केलं.

गुडघा विसरून मी त्या ढिगात शिरले. सगळ्यात खाली होती. ओढून काढली आणि मांडीवर पसरली. बोटबोट अंतरावर धावदोरा, आणि वरच्या थरात ओळीनं तुकडे. रंग उडालेल्या राखाडी लुगड्यावर पहिला तुकडा फिक्का पिवळसर, पुढचे हिरवट, मग एक अगदी हिरवा, कडक झालेला, पुढं मातकट, काळपट, आणि शेवटी परत निवळलेला. पौषापासून भाद्रपदापर्यंतची नदी माझ्या आईच्या लुगड्यावर ओळीनं बसली होती. मी ती पोटाशी धरली आणि वहिनीला म्हटलं, "हिला पाणी लावायचं नाही." वहिनी म्हणाली, "घटाला न धुतलेली गोधडी घरात ठेवायची?" तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ती गोधडी उचलून गोठ्याच्या माळ्यावर ठेवून आली. नऊ दिवस देव घरात आणि ती तिथं. तिच्या सासरच्या कुणी बाईनं असं कधी केलं नसेल.

मी तिथूनच मॅडमला फोन लावला. वहिनी समोर उभी होती, म्हणून उभ्यानंच बोलले. "पोरी, पहिल्या तीन सह्या खऱ्या. बाकीच्या खोट्या. पाणी वहिनीनं काढलं, आणि गाळून दिलं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

मग ती म्हणाली, "मावशी, तुम्ही?" एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी तिनं विचारलं, "फडकं किती पदरी होतं?" मी गोधडीचं सांगितलं. ती म्हणाली, "मी येते. कुणी हात लावू नका."

दसऱ्यानंतर ती आली. माझ्याशी कामापुरतं बोलली. तेवढा तिचा हक्क होता. त्या सकाळी मी स्वतः होडीत बसून पाणी काढलं होतं, न गाळता, आणि बाटली बाजेखाली ठेवली होती. मॅडमनं पडवीत मायक्रोस्कोप मांडला. वहिनीनं गोधडी आणली आणि कात्री स्वतःच्या हातात घेतली. "सांगा कुठनं कापू," म्हणाली. स्वतः शिवलेल्या गोधडीला तिनं पहिल्या तुकड्याच्या कोपऱ्यात कात्री लावली तेव्हा मला बघवेना.

तो कपटा मॅडमनं वाटीत थोड्या पाण्यात भिजत घातला, हलवला, आणि तळाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला. डोळा लावला. चाक फिरवलं. आम्ही दोघी उभ्या होतो. बाहेर कुणाची तरी मोटार चालू होती तिचा आवाज येत होता. मॅडम हलेना. शेवटी तिनं डोकं वर काढलं, बाजूला सरकली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही बघा आधी."

वहिनीनं डोळा लावला. तिला आधी काही दिसेना, मग दिसलं. दोन्ही हात तिनं मागं बांधून घेतले, काही सांडेल म्हणून. किती वेळ बघत होती. मग तसंच बघत बघत म्हणाली, "ह्यांना मी गाळून काढत हुते?"

"गाळून काढलंत म्हणून तर राहिले," मॅडम म्हणाली.

मग मी पाहिलं. हिरवं काही उरलं नव्हतं, जीव गेला होता, पण काच तशीच होती. त्याच होड्या, त्याच रेघा, बांगड्यांच्या चळती. माझ्या आईच्या लुगड्याचे दोन धागे मधून दोरखंडासारखे गेले होते आणि त्यांना टेकून त्या होड्या लागल्या होत्या. मला त्या काचेपुढून उठवेना. मॅडमनं हळूच खांद्याला हात लावला. आल्यापासून पहिल्यांदा लावला.

दिवसभर तेच चाललं. वहिनी कोपरा कापायची आणि न विचारता सांगायची, "हे शेंगतेलाचं पाणी. हे सायीचं. हे पळणारं." मॅडम तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेत होती. सोनेरी तुकड्यांत काचेच्या होड्या दाटीनं होत्या. सायीच्या तुकड्यात त्या जवळजवळ नव्हत्या, नुसता वाळलेला हिरवा लगदा. पुराच्या तुकड्यात मातीचे कण, आणि त्यांत लांबून आलेली, फुटकी, अनोळखी कवचं. पाणी आलं, थांबलं, सुटलं, तसतसं आत राहणारं गणगोत बदलत गेलं होतं. मॅडमनं नदीच्या मुखाशी सापडलेल्या कवचांचे फोटो शेजारी धरून दाखवले. बांगड्यांची चळत तिथंही होती. "हीच ती, असं मी शपथेवर सांगणार नाही," ती म्हणाली. "वाटेत किती धरणं आहेत. पण घराणं तेच आहे." किती आहेत ते मोजायची सोय आता राहिली नव्हती, वर्षाचं ते नुकसान झालंच होतं, आणि ते तिनं लपवलं नाही. पण फुगवटा रिकामा आहे, हे तिनं लिहिलेलं पान तिनं आमच्यासमोर खोडलं.

आल्याआल्या माझ्याकडून मागून घेतलेली ती वही तिनं शेवटी पिशवीतून काढली. मी हात पुढं केला. अठरा ठिकाणी मी माझी सही खोडली, एकेक करून, आणि वही वहिनीपुढं ठेवली. वहिनी सातवीपर्यंत शिकलेली, पण पेन हातात धरून तिला वर्षं झाली असतील. "माझं नाव कशाला त्यात," ती म्हणाली. मॅडम म्हणाली, "पाणी तुम्ही काढलंय." मग ती मांडी घालून बसली आणि तिनं नाव लिहिलं. अठरा वेळा, आडनावासकट, एकही अक्षर न गाळता. पहिल्या दोन-तीन वेळा वाकडं आलं, मग हात बसला.

त्याच्या खाली आजची ओळ होती. तारीख, वेळ, थाळी आणि रंग मॅडमनं भरला होता. शेवटचा रकाना रिकामा. मला धीर होईना. मी वहिनीला म्हटलं, "तीही तुम्हीच करा. माझ्या सहीला आता काय किंमत?"

वहिनीनं पेनाचं टोपण लावलं नाही. वही तशीच फिरवली आणि पेन माझ्या हातात दिला.

"आज तुमी काढलंय, वन्सं," ती म्हणाली. "तुमचंच नाव लिवा."